ताणातून घडलेला धागा

१९२५ साली डच शास्त्रज्ञ योहान काट्झ यांनी रबराच्या पट्टीवर क्ष-किरणांचा झोत टाकला. पट्टी सैल असताना मागच्या फोटोप्लेटवर एक पुसट, धूसर कडे उमटले. द्रवातून किंवा काचेतून झोत गेला तरी असेच कडे उमटते. आत रेणू आहेत, पण त्यांच्या मांडणीला शिस्त नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग काट्झ यांनी रबर मूळ लांबीच्या कित्येक पट ताणून धरले आणि पुन्हा फोटो घेतला. या वेळी प्लेटवर ठळक ठिपके होते. असे ठिपके स्फटिकातून येतात. रबर सोडून दिले की ठिपके नाहीसे होत. पदार्थ तोच, खोलीचे तापमानही तेच. बदलला होता फक्त ताण.

द्रव थंड झाला की त्याचे स्फटिक होतात, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. लांबलचक रेणूंच्या पदार्थांत मात्र थंडाव्याच्या जोडीला ताणाचीही सत्ता चालते, आणि कधी कधी ताणाचीच जास्त. नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या धाग्यांचा सगळा उद्योग या एका गोष्टीवर उभा आहे. ती नीट समजायला मात्र पन्नासेक वर्षे लागली. कारखाने चालू झाले, मोजे आणि साड्या घरोघरी पोहोचल्या, आणि धाग्याच्या आत नेमके काय घडते याचा उलगडा त्यानंतर हळूहळू होत गेला.

साखळी आहे की नाही?

काट्झ यांनी हा प्रयोग केला तेव्हा रबर, रेशीम, कापूस यांचे रेणू खरोखर लांब असतात का, यावरच वाद पेटला होता. हेर्मान श्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९२० साली मांडले होते, की हे पदार्थ म्हणजे हजारो अणूंच्या सलग साखळ्या आहेत. बहुतेक समकालीनांना हे पटत नव्हते. छोटे रेणू एकमेकांना चिकटून झालेले हे पुंजके आहेत, असे त्यांचे मत होते. त्यांच्या हाती एक वजनदार पुरावाही होता. बर्लिनमधल्या डालेम इथल्या तंतुसंशोधन संस्थेत हेर्त्सोग, पोलान्यी आणि त्यांचे सहकारी कापसाच्या व रेशमाच्या तंतूंचे क्ष-किरण फोटो घेत होते. त्यांवरून स्फटिकाचा पुन्हा पुन्हा येणारा मूळ घटक अगदी लहान असल्याचे दिसत होते. रेणू त्या घटकाहून मोठा कसा असेल, असा प्रश्न विरोधक विचारत.

१९२६ साली ड्युसेलडॉर्फला झालेल्या सभेत याच संस्थेतल्या हेर्मान मार्क यांनी दाखवून दिले, की रेणू घटकाहून मोठा असायला काहीच हरकत नाही. एकच साखळी एका घटकातून निघून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जाऊ शकते. स्फटिकाला फक्त तिचा तेवढा तेवढा तुकडा दिसतो. पुढे मार्क आणि कुर्ट मायर यांनी कापसाच्या सेल्युलोजची मांडणी याच धर्तीवर उलगडली. साखळी एका स्फटिकात संपत नाही, ती त्यातून बाहेर पडून पुढे जाते. धाग्याच्या बळाचे मूळ या वाक्यात आहे. स्फटिक जागोजागी साखळ्यांना घट्ट धरून ठेवतात आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या साखळ्या एका स्फटिकाचा भार दुसऱ्यावर पोहोचवतात.

विल्मिंग्टनची काचेची कांडी

हा वाद पुरता मिटायच्या आधीच अमेरिकेत एका तरुण शास्त्रज्ञाने त्याचा निकाल वेगळ्या वाटेने लावायचे ठरवले होते. वॉलेस कॅरोथर्स १९२८ साली हार्वर्ड सोडून डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टन इथे, ड्यू पॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत आले. निसर्गातले लांब रेणू तपासत बसण्यापेक्षा आपणच साध्या, ओळखीच्या अभिक्रियांनी कडीला कडी जोडत साखळी बांधावी, असा त्यांचा विचार होता. अशी साखळी लांब होत गेली तर श्टाउडिंगर यांचे म्हणणे आपोआप सिद्ध होणार होते.

१९३० सालच्या एप्रिलअखेर त्यांचे सहकारी ज्युलियन हिल यांनी एक पॉलिएस्टर तयार केले. साखळी जोडताना बाहेर पडणारे पाणी निर्वातात सतत काढून घेतल्यामुळे त्याचा रेणुभार बारा हजारांच्या वर गेला होता. हिल यांनी वितळलेल्या रसात काचेची कांडी बुडवून वर उचलली, तशी तिच्यामागे एक तार ओढली गेली. थंड झालेली ती तार पांढुरकी, अपारदर्शक आणि लेचीपेची होती. ती दोन्ही टोकांना धरून हळूच ओढल्यावर मात्र ती तुटली नाही. मध्येच एका जागी तिची मान बारीक झाली. मानेच्या एका बाजूला जाड, पांढुरकी तार होती, तर दुसऱ्या बाजूला बारीक, पारदर्शक, रेशमासारखी चकाकणारी. ओढत राहिले तशी मान पुढे सरकत गेली आणि शेवटी सगळी तार चकाकू लागली. मूळच्या कित्येक पट लांब झालेली ही तार आता चिवट होती. तिला गाठ मारली तरी ती तुटत नव्हती.

कॅरोथर्स आणि हिल यांनी १९३२ साली हे काम प्रसिद्ध केले आणि त्यात क्ष-किरणांचा पुरावाही दिला. न ओढलेल्या तारेतही स्फटिक होते, पण त्यांची तोंडे वाटेल त्या दिशांना होती. ओढलेल्या तारेत ते सगळे तारेच्या लांबीशी समांतर झाले होते. कंगवा फिरताच केसांचा गुंता एका दिशेला यावा, तसे ओढण्याने साखळ्यांचे झाले होते. ताणामुळे रेणूंची दिशा ठरते आणि रेणूंच्या दिशेवर धाग्याचे बळ ठरते, ही गोष्ट तेव्हापासून पक्की झाली. तरीही हे पॉलिएस्टर कपड्यासाठी उपयोगाचे नव्हते. गरम पाण्यातच ते वितळायचे.

रसातून धागा

मग कॅरोथर्स यांच्या गटाने पॉलिअमाइड या दुसऱ्या जातीच्या साखळ्यांकडे मोर्चा वळवला. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी जेरार्ड बर्शे यांनी दोन्ही घटकांत सहा-सहा कार्बन असलेले पॉलिअमाइड बनवले. त्याचा वितळणबिंदू २६० अंश सेल्सिअसच्या वर होता. पुढे ते नायलॉन ६६ या नावाने जगाला माहीत झाले.

त्याचा धागा काढायचा कसा, हा यापुढचा प्रश्न. तोवरच्या कृत्रिम धाग्यांत रसायन विरघळवून घेत. रेयॉनमध्ये ते द्रावण सुईसारख्या बारीक छिद्रांतून आम्लाच्या हौदात सोडत, तर अ‍ॅसिटेटमध्ये गरम हवेत द्रावक उडवून देत. नायलॉन साध्या द्रावकात विरघळत नव्हते. म्हणून ड्यू पॉन्टच्या अभियंत्यांनी ते सरळ वितळवून छिद्रांतून ढकलायचे ठरवले. वाट नवी होती आणि तिच्यावर अडचणींना तोटा नव्हता. वितळणबिंदू आणि पदार्थ खराब व्हायला लागण्याचे तापमान यांत फारसे अंतर नव्हते. रसात बुडबुडे झाले की धागा तिथेच तुटे. रस दाबाखाली ठेवल्यावर ही कटकट मिटली. रस मोजून ढकलणाऱ्या दातेरी पंपांना वंगण घालणे शक्य नव्हते, कारण तेलाचा अंश धाग्यात उतरला असता. तेव्हा वितळलेल्या नायलॉनलाच वंगणाचे काम करावे लागले.

असा हा धागा हवेत थंड होत खाली यायचा आणि बॉबिनवर गुंडाळला जायचा. मग दुसऱ्या यंत्रावर तो सुमारे चौपट ओढला जायचा. हिल यांच्या हातातली मान आता यंत्रात सरकू लागली होती. आणखी एक अडचण नायलॉनच्या स्वभावातच होती. ताजा गुंडाळलेला धागा हवेतली ओल शोषून घेई. ओलीमुळे साखळ्यांना हालचाल करायला वाव मिळे, स्फटिकांची वाढ पुढे चालू राही आणि धागा लांबून बॉबिनवर सैल पडे. उपाय म्हणून कारखान्यांनी धागा गुंडाळण्याआधी वाफेच्या नळीतून न्यायला सुरुवात केली, म्हणजे जे व्हायचे ते वाटेतच होऊन जाई.

२७ ऑक्टोबर १९३८ रोजी नायलॉनची जाहीर घोषणा झाली, १९३९ च्या अखेरीस ड्यू पॉन्टचा सीफर्ड इथला कारखाना सुरू झाला आणि १५ मे १९४० रोजी अमेरिकाभर नायलॉनचे मोजे विक्रीला आले. हे पाहायला कॅरोथर्स नव्हते. दीर्घकाळच्या नैराश्याने त्यांना गाठले आणि एप्रिल १९३७ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी त्यांनी आपले जीवन संपवले. ज्यांनी ही साखळी कडीकडीने बांधली, त्यांना तिचे कापड झालेले दिसले नाही. या इतिहासातली ही सर्वांत मोठी हानी आहे.

हट्टी पॉलिएस्टर

१९४१ साली इंग्लंडमधल्या अ‍ॅक्रिंग्टन इथे जॉन व्हिनफील्ड आणि जेम्स डिक्सन यांनी कॅरोथर्स यांनी सोडून दिलेली वाट पुन्हा धरली. पॉलिएस्टरच्या साखळीत त्यांनी बेंझिनची ताठ कडी बसवली आणि वितळणबिंदू थेट २६० अंशांच्या आसपास गेला. हेच टेरिलीन, हेच डॅक्रॉन. आपल्याकडे ठाण्याच्या कारखान्यातून ते टेरीन या नावाने आले आणि टेरिकॉटच्या पँट-शर्टांनी १९६० आणि ७० च्या दशकांतली मराठी घरे भरली.

पण या ताठ साखळीला एक किंमत होती. तिला रांगेत यायला वेळ लागतो. नायलॉन थंड होता होता पटकन स्फटिकतो. पॉलिएस्टर ताण न देता ठेवले तर त्याच्या सर्वांत सोयीच्या तापमानालाही निम्मे स्फटिक व्हायला मिनिटभराच्या आसपास लागतो. आणि धाग्याला एवढी सवड कुठली! छिद्रातून सुमारे २९० अंशांना निघालेला रस तीन-चार मीटरच्या प्रवासात थंड होऊन बॉबिनवर पोहोचतो. मिनिटाला हजार मीटर वेगाने कातलेल्या पॉलिएस्टरमध्ये त्यामुळे स्फटिक जवळपास नसतातच. तो धागा काचेसारखा अव्यवस्थित अवस्थेत थिजलेला असतो. कारखान्यांना त्याची अडचण वाटत नव्हती. असा धागा पुढे गरम करून ओढला की स्फटिक तयार होत आणि काम भागे. मात्र कताईच्या, म्हणजे रसातून धागा काढण्याच्या, त्या काही मीटरांत स्फटिक घडूच शकणार नाहीत, हा समज त्यामुळे घट्ट होत गेला.

कणा आणि चकत्या

समज मोडायला लागणारे सिद्धांत प्रयोगशाळांत तयार होत होते. कॅरोथर्स यांच्याकडे १९३४ साली कामाला लागलेले पॉल फ्लोरी यांनी १९४७ मध्ये ताणलेल्या साखळ्यांच्या स्फटिकीभवनाचे गणित मांडले. सैल साखळी असंख्य प्रकारे वेटोळी होऊ शकते. स्फटिकात शिरायचे तर हे सारे स्वातंत्र्य तिला सोडावे लागते. ताणलेल्या साखळीचे बरेचसे स्वातंत्र्य आधीच गेलेले असते, त्यामुळे स्फटिकात शिरणे तिला सोपे जाते. म्हणजे ताण वाढला की स्फटिकाचा वितळणबिंदूही वर सरकतो, आणि जिथे सैल रस अजून द्रव राहिला असता तिथे ताणलेला रस स्फटिकू लागतो. काट्झ यांच्या रबराचे गूढ या गणिताने सुटले.

१९५७ मध्ये ब्रिस्टल इथे अँड्र्यू केलर यांनी दाखवले, की शांत द्रावणातून निघणाऱ्या पॉलिथिलीनच्या पातळ स्फटिकांत साखळ्या पुन्हा पुन्हा घडी घालून बसतात. नेदरलँड्समध्ये पेनिंग्ज यांनी तेच द्रावण ढवळत ठेवले, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. मधोमध ताणलेल्या साखळ्यांचा लांब कणा आणि त्याच्यावर ओळीने वाढलेल्या घडीच्या चकत्या. ओढ बसली की आधी काही साखळ्या ताठ होऊन कणा बनवतात आणि मग तो कणा बाकीच्यांसाठी पायाचे काम करतो. स्फटिकाला सुरुवात करून देणारे बीज ओढीतूनच येते, हे या चित्राने स्पष्ट केले.

धावत्या धाग्यावर नजर

आता प्रश्न उरला तो खऱ्या कताईतल्या धाग्याचा. वॉर्सामध्ये आंद्झेय झिआबित्स्की यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून कताईचा शास्त्रीय पाया घालायला घेतला. रेणू एका दिशेला येतात ते मुख्यतः छिद्राच्या बाहेर, हवेत धागा लांबत असताना, ही दृष्टी त्यांच्या कामातून पुढे आली. छिद्रातून बाहेर पडलेली धार खालच्या रोलरच्या ओढीने शंभराहून अधिक पट लांबते, आणि तिथेच रेणूंचे भवितव्य ठरते. जपानमध्ये सुसुमू कासे आणि मात्सुओ यांनी १९६५ साली धाग्याचे तापमान, जाडी आणि ताण यांची समीकरणे मांडली. कोणत्या उंचीवर धागा किती गार आणि किती बारीक असेल, हे आता कागदावर काढता येऊ लागले.

यापेक्षाही धाडसाचे काम होते धावत्या धाग्याच्या आत पाहण्याचे. यात एक सुंदर युक्ती आहे. धागा सतत धावतो, पण छिद्रापासून ठरावीक अंतरावरून जाणारा प्रत्येक तुकडा सारख्याच वयाचा असतो. समजा, छिद्राखाली एक मीटरवर क्ष-किरणांचा झोत रोखला, तर तिथून दर क्षणी नवा तुकडा जातो, पण त्याची अवस्था मात्र तीच असते. त्यामुळे बराच वेळ प्लेट उघडी ठेवूनही फोटो स्पष्ट येतो. मग यंत्र थोडे खाली सरकवायचे आणि पुढच्या वयाचा फोटो घ्यायचा. सेकंदाच्या बारीकशा भागात जे घडते, ते अशा रीतीने मीटरपट्टीवर पसरून पाहता येते. कातायामा, अमानो आणि नाकामुरा यांनी १९६८ मध्ये पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्यांवर असे मोजमाप केले. १९७४ मध्ये अमेरिकेत टेनेसी विद्यापीठात डीस आणि स्प्रुएल यांनी पॉलिथिलीनमध्ये दाखवले, की वेग आणि ताण वाढवत नेला तसे गोलाकार वाढणारे स्फटिक मागे पडतात आणि ओळीत वाढणारे पुढे येतात. पेनिंग्ज यांच्या ढवळलेल्या भांड्यातला कणा आता कताईच्या धाग्यातही सापडला होता.

उडत्या धाग्याची मान

पॉलिएस्टर अजूनही हट्ट सोडत नव्हते. त्याचा हट्ट मोडला वेगाने. अतिवेगाने कताई करण्याची कल्पना जुनी होती. ड्यू पॉन्टच्या हेबेलर यांना १९५२ सालीच तिची पेटंटे मिळाली होती. पण एवढ्या वेगाने धागा न तोडता गुंडाळणारी भरवशाची यंत्रे १९७० च्या दशकातच आली.

१९७८ साली नेदरलँड्समधल्या ह्यूवेल आणि हाउसमन यांनी मिनिटाला २००० ते ६००० मीटर वेगाने गुंडाळलेले पॉलिएस्टर धागे तपासले. ३५०० पर्यंत साखळ्या एका दिशेला येत जातात, पण स्फटिक जवळजवळ नसतात. चार हजारांच्या पुढे मात्र चित्र झपाट्याने पालटते आणि धाग्यात खरे स्फटिक दिसू लागतात. कोणी वेगळे तापवले नाही, वेगळे ओढले नाही. कताईतच स्फटिक घडले होते. मिनिटाला ६००० मीटर म्हणजे सेकंदाला १०० मीटर. एवढ्या वेगाचा धागा शेवटचा मीटर सेकंदाच्या शंभराव्या भागात पार करतो. ज्या कामाला शांत रसात मिनिटभर लागत होता, ते इथे ताणाने हजारो पटींनी लवकर उरकले. फ्लोरी यांच्या गणिताचा याहून ठळक दाखला मिळणे अवघड आहे.

टोकियोत शिमिझू, ओकुई आणि किकुतानी यांनी याच्याही आत शिरून पाहिले. पाच हजारांच्या पुढच्या वेगात उडता धागा हळूहळू बारीक होत जात नाही. काही सेंटिमीटरांच्या पट्ट्यात तो एकदम आकसतो, त्याला मान पडते आणि त्यापुढे जाडी बदलत नाही. हिल यांच्या थंड तारेत जी मान पडली होती, तिचीच बहीण इथे गरम, मऊ आणि प्रचंड वेगाने जाणाऱ्या धाग्यात भेटली. मानेमुळे स्फटिक होतात की स्फटिकामुळे मान पडते, यावर वर्षानुवर्षे चर्चा झाली. दोन्ही घटना एकमेकींना किती घट्ट बांधलेल्या आहेत, हे मात्र सर्वांनी मान्य केले. १९८५ साली झिआबित्स्की आणि क्योटोचे कावाई यांनी अतिवेगाच्या कताईवर संपादित केलेला ग्रंथ आला, तेव्हा वॉर्सा, क्योटो, टोकियो आणि नेदरलँड्स इथले हे सगळे धागे एकत्र विणले गेले.

हे कळल्यावर वेगाचीही मर्यादा कळली. सात हजारांच्या आसपास पोहोचल्यावर धाग्याचा बाहेरचा थर आधी थंड होऊन सगळा ताण स्वतःवर घेतो आणि आतला गाभा सैल राहतो. तिथून पुढे वेग वाढवला की धागा सुधारत नाही, उलट बिघडतो.

पाताळगंगेपासून भिवंडीपर्यंत

या संशोधनाचा कारखान्याला झालेला सर्वांत मोठा फायदा असा, की थांबायचे कुठे ते कळले. ३००० ते ३५०० मीटरच्या वेगाने कातलेला धागा अर्ध्या वाटेवर असतो. साखळ्या बऱ्याच सरळ झालेल्या असतात, म्हणून तो जुन्या मंद कताईच्या धाग्यासारखा साठवणुकीत लवकर ठिसूळ होत नाही. स्फटिक मात्र अजून धरलेले नसतात, म्हणून त्याला पुढे हवा तसा आकार देता येतो. उकळत्या पाण्यात टाकला तर हा धागा कितीतरी आखडतो. पाच हजारांच्या वर कातलेला धागा मात्र जेमतेम आखडतो, कारण त्याला स्फटिकांनी जागच्या जागी धरलेले असते. व्यापारात या अर्ध्या वाटेवरच्या धाग्याला पीओवाय म्हणतात. टेक्स्चरायझिंगच्या यंत्रावर तो तापवून, ओढून, पीळ देऊन मग सोडवतात. स्फटिक त्या क्षणी घडतात आणि धाग्यात बसलेली लाट कायमची गोठवतात. कापडाला फुगीरपणा आणि मऊपणा येतो तो त्यातून.

महाराष्ट्राचा या गोष्टीशी संबंध इथे जुळतो. १९८२ साली रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगा इथे रिलायन्सचा पॉलिएस्टर फिलामेंट धाग्याचा कारखाना सुरू झाला, आणि त्याचे तंत्र ड्यू पॉन्टकडून आले होते. ज्या कंपनीच्या प्रयोगशाळेत हिल यांनी काचेची कांडी उचलली, तिचे ज्ञान बावन्न वर्षांनी कोकणात उतरले. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आज जे कृत्रिम धाग्याचे कापड खडखडाटात विणले जाते, त्याच्या प्रत्येक तारेत ही उकल वापरलेली आहे. मागावर बसलेल्या कारागिराला धागा तुटका लागला, रंग एका बाजूला गडद चढला, तर त्याचे कारण अनेकदा कताईच्या त्या तीन-चार मीटरांत असते. हवेचा झोत कमी-जास्त झाला, ताण हलला की स्फटिकांचे प्रमाण बदलते आणि रंग ते लगेच दाखवून देतो.

आज पाण्याच्या वापरलेल्या बाटल्या वितळवून त्यांचा पुन्हा धागा काढतात. बाटलीही त्याच पॉलिएस्टरची आणि तिच्या भिंतीतले स्फटिकही फुगवताना बसलेल्या ताणाचेच. पण वितळवले की ती सगळी रचना पुसली जाते. हाती उरतात फक्त साखळ्या, आणि रसात ओल राहिली तर त्याही तुटून आखूड होतात. पुढचे सगळे नव्याने घडवावे लागते. पुनर्वापराच्या धाग्याची प्रत ठरते ती साखळ्या किती लांब राहिल्या आणि त्या किती नेमक्या वेळी, किती नेमक्या तापमानाला ओढल्या गेल्या यावर. काट्झ, कॅरोथर्स, हिल, फ्लोरी आणि झिआबित्स्की यांनी साठेक वर्षांत जमवलेले हे ज्ञान म्हणूनच जुने झालेले नाही. कचऱ्यातून चांगले कापड काढायचे असेल, तर आपल्याला ते आज त्यांच्या काळाइतकेच लागणार आहे.